ताटातले मीठ

१

साहित्याच्या मासिकात अभ्यासक्रमाविषयी काय लिहायचे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. चकली-कडबोळ्यांची बशी शेजारी ठेवून कोणी हा अंक उघडला असेल, तर 'श्रेयांक', 'सत्र' असले शब्द त्याच्या कानाला गोड लागणार नाहीत, हेही मी जाणून आहे. परंतु अभ्यासक्रम हीसुद्धा एक रचना आहे. काय घ्यायचे, काय गाळायचे, कशामागून काय यायचे याची निवड तिच्यात असते. आणि ती निवड तीन-चार वर्षे एका तरुण मनावर परिणाम करीत राहते. एवढा दीर्घकाळ वाचकाला धरून ठेवणारी कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही. मग कादंबरीची चिकित्सा आपण ज्या कसोशीने करतो, त्या कसोशीने अभ्यासक्रमाची का करू नये?

त्यातही मला बोलायचे आहे ते पदवीच्या अभ्यासक्रमातील एका उपेक्षित भागाविषयी. माणूस वाणिज्याचा पदवीधर असो की विज्ञानाचा, 'पदवीधर' म्हणून काही गोष्टी त्याला याव्यात अशी आपली अपेक्षा असते. आपल्या विषयापलीकडचे चार शब्द त्याला कळावेत, पुरावा आणि अफवा यांतला फरक ओळखता यावा, स्वतःचे म्हणणे स्वतःच्या भाषेत मांडता यावे. यासाठी जे शिकवायचे त्याला 'सामान्य शिक्षण' म्हणण्याची वहिवाट आहे. 'सामान्य' हा शब्द मोठा फसवा आहे. मुळात त्याचा अर्थ सर्वांना समान असलेले, सर्वांच्या सामाईक मालकीचे. मराठीत मात्र 'बेताचे', 'साधारण' अशी एक छटा त्याला येऊन चिकटली. आपल्या महाविद्यालयांतले सामान्य शिक्षण या दुसऱ्याच अर्थाने सामान्य झाले आहे, हे माझे दुःख आहे. आणि ते तसे का झाले हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

मी भाईंदरला राहतो. उत्तनच्या कोळीवाड्यापासून काशीमिऱ्याच्या हमरस्त्यापर्यंत पसरलेले हे शहर वयाने लहान आणि आकाराने अवाढव्य आहे. १९९१ च्या शिरगणतीत येथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे होती. २०११ साली ती आठ लाख नऊ हजार झाली. महानगरपालिका झाली २००२ साली. आधी घरे आली, मग रस्ते, मग शाळा आणि शेवटी महाविद्यालये. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयांत वाणिज्य, व्यवस्थापन, माहिती-तंत्रज्ञान यांची गर्दी असते. आणि वर्गात आगरी, कोळी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य, सर्व घरांतली मुले एका बाकावर बसतात. पुष्कळ घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच माणूस असते.

खाडीकाठच्या एका गावातल्या, वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलीने मध्यंतरी आपल्या सत्राच्या विषयांची यादी मला दाखविली. मुख्य विषय होताच. त्याच्या भोवती मुक्त वैकल्पिक विषय, कौशल्याचा विषय, भाषेचा विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी छोटी छोटी पात्रे मांडलेली. प्रत्येक छोटा विषय दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा. पर्यावरणाच्या टिपणांत तिने खाजण-परिसंस्थेची व्याख्या तोंडपाठ केली होती. तिचे आजोबा मिठागरावर राबत असत. ती व्याख्या आणि ते आजोबा यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे तिला कोणी सुचविले नव्हते. आणि तिलाही तसे विचारावेसे वाटले नव्हते.

ही मुलगी मंद नाही. तिने यादीतले सर्व काही केले आहे. दोष शोधायचा असेल तर तो यादीतच शोधावा लागेल.

३

या यादीला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते चौघे होते : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्या काळी एकाच विषयाचे कुंपण घालून घेण्याची सोय पदवीला नव्हती. न्यायमूर्ती झालेले रानडे अर्थशास्त्रावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर तितक्याच अधिकाराने लिहितात, याचे एक कारण त्या व्यापक पायात आहे. पण त्या सुवर्णयुगाची आठवण काढून गहिवरण्याचे कारण नाही. पदवीधर चार होते आणि शिक्षण कोणाला मिळत होते हे उघड होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. रयतेच्या पैशावर चाललेले हे उच्च शिक्षण वरच्या वर्गांच्या पदरात पडते आणि त्यातून रोजच्या जीवनाला उपयोगी असे काही निघण्याऐवजी कारकून आणि मास्तर निघतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सामान्य शिक्षणाविषयी महाराष्ट्रात झालेली ही पहिली मोठी टीका मी मानतो. अभ्यासक्रम कोणाच्या जीवनाशी बोलतो, हा तिच्यातला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात सामान्य शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्याच वर्षी देशाने संविधान स्वीकारले. प्रौढ मतदानाचा हक्क सर्वांना द्यायचा आणि विचार करण्याचे शिक्षण मात्र थोड्यांना, हे विसंगत आहे, हे त्या पिढीला स्वच्छ दिसत होते. पुढे मुंबई विद्यापीठात 'फाउंडेशन कोर्स' आला. भारतीय समाज, विषमता, संविधान, जागतिकीकरण, मानवी हक्क, पर्यावरण, ताणतणाव, असे सगळे त्यात होते. हेतू उत्तम होता. पण विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्यातले काय आठवते असे विचारले, तर परीक्षेच्या आदल्या रात्री विकत आणलेले गाइड आठवते, असे उत्तर येते.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवा आराखडा आला आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो लागू झाला. मुक्त वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा, असा चांगला नियम त्यात आहे. भिंती पाडण्याची इच्छा खरी आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण रचनेकडे पाहा. समाजाला एखाद्या गोष्टीची काळजी वाटू लागली की तिचा आपण एक पेपर करतो. निसर्ग बिघडला, पर्यावरणाचा पेपर आला. नीती ढासळली, मूल्यांचा पेपर आला. परंपरेचा विसर पडला, ज्ञानप्रणालीचा पेपर आला. नोकऱ्या मिळेनात, कौशल्याचा पेपर आला. आपल्याकडे पान वाढताना मीठ आधी वाढतात. वरच्या बाजूला, चिमूटभर, सुटे. ते तेवढेच खाऊन कोणी उठत नाही, कारण आमटीत आणि भाजीत ते आधीच पडलेले असते. अभ्यासक्रमाच्या ताटात मात्र मुख्य पदार्थ अळणी ठेवून मीठ तेवढे कडेला वाढले आहे. आणि तेही सहा ठिकाणी, सहा निरनिराळ्या नावांनी.

मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. साहित्यकृतीला लावतो तीच कसोटी या यादीला लावून पाहावी. मूल्यशिक्षणाचा तास आणि हिशेबनीसाचा तास यांत संवाद नाही, हे समजू शकते; पण विरोधही नाही! नफा आणि नीती समोरासमोर आल्या असत्या तर काही घडले असते. त्या निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या खोल्यांत येतात आणि एकमेकींना न भेटता निघून जातात.

४

हा अनुभव जगाला नवा नाही. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षांत विद्यार्थ्याला विषय निवडण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. परिणाम असा झाला की दोन पदवीधरांनी मिळून वाचलेले असे फारसे काही उरले नाही. त्यांच्या मागून आलेल्या लोवेल यांना त्या स्वातंत्र्याला वेसण घालावी लागली. उलट कोलंबिया विद्यापीठात १९१९ साली 'समकालीन संस्कृती' या नावाचा जो सामाईक अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचा जन्म एका प्रश्नातून झाला होता. महायुद्ध नुकतेच संपले होते; ते का झाले आणि आता शांततेचे काय करायचे, हे विचारणे भाग होते. तो अभ्यासक्रम शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. यादीतून जन्मलेले अभ्यासक्रम मात्र आराखडा बदलला की जातात.

आपले नवे धोरण परदेशाचे नाव न घेता बाणभट्टाचे घेते. चौसष्ट कलांचे ज्ञान म्हणजे उत्तम शिक्षण, असा 'कादंबरी'चा दाखला त्यात दिलेला आहे. मला तो दाखला आवडला. पण तो अर्धवट आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत साऱ्या वाङ्मयप्रकाराचे नाव ठेवले, तो थोडा पुढे वाचायला हरकत नव्हती. राजपुत्र चंद्रापीड नगराबाहेरच्या विद्यामंदिरात राहून सर्व विद्या आणि कला शिकतो. सोळाव्या वर्षी तो परत येतो. यौवराज्याभिषेक जवळ येतो तेव्हा भेटीला आलेल्या चंद्रापीडाला वृद्ध अमात्य शुकनास उपदेश करतो. तुझे सर्व शिकून झाले आहे, तुला सांगण्यासारखे काही उरलेले नाही, असे आधी म्हणतो. आणि मग पानेच्या पाने सांगत राहतो. तारुण्य माणसाला कसे आंधळे करते, लक्ष्मी कशी चंचल, सत्तेभोवती खुशमस्करे कसे जमतात. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हा शुकनासोपदेश चांगला ठाऊक असतो.

बाणाच्या या रचनेत मला मोठा अर्थ दिसतो. कलांची यादी पूर्ण झाली तरी शिक्षण पूर्ण होत नाही, हे त्याला कळले होते. यादीतली एकही कला चंद्रापीडाला सांगत नाही की तू आता कोठे उभा आहेस आणि तुझ्या हाती येणाऱ्या सत्तेचे तू काय करणार. शुकनास ते सांगतो. सामान्य शिक्षण म्हणजे चौसष्ट कला नव्हेत. ते शुकनासाचे काम आहे. फरक इतकाच की लोकशाहीत ते एका राजपुत्रासाठी करून भागत नाही. मतपेटीपुढे उभा राहणारा प्रत्येक जण त्याचा हक्कदार आहे.

५

यावर कोणी म्हणेल, मग सगळे थोडे थोडे शिकणे वाईटच का? अनेक विद्यांत रमलेली माणसे आपल्याकडे झालीच ना? अवश्य झाली. दामोदर धर्मानंद कोसंबींचे उदाहरण घेऊ. माणूस गणिती. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ सालचे सूत्र आनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी जुन्या आहत नाण्यांची वजने तोलून, संख्याशास्त्र लावून त्यांचा काळ शोधला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवून गारगोटीची बारीक हत्यारे, जुन्या वाटा आणि म्हसोबा-बोल्हाईची ठाणी यांचा परस्परसंबंध लावला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना पुणे-मुंबई हा आगगाडीचा प्रवास ते नित्य करीत.

कोसंबींनी चार विषयांचे चार पेपर दिले नव्हते. नाणे हातात आल्यावर ते विचारीत, हे झिजले कसे? या एका प्रश्नापाठोपाठ गणित, इतिहास आणि व्यापार आपोआप आले. त्यांच्या विद्वत्तेचे अनुकरण कोणी करू शकणार नाही. पण त्यांची चाल, म्हणजे हाताशी असलेल्या वस्तूपासून निघून ती नेईल त्या शास्त्रात शिरणे, ही मात्र शिकविता येण्यासारखी आहे. लोकलने प्रवास करणाऱ्या आमच्या भाईंदरच्या मुलांना ती परकी वाटू नये.

६

तेव्हा टीका पुरे. मी काय मागतो ते सांगतो. एका सत्रात एकच वस्तू घ्यावी. आमच्या शहरात ती शोधायला लांब जायला नको. ती मीठ.

मिठागरात उधाणाचे पाणी घेतात. उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का येते, या प्रश्नात चंद्र आणि गुरुत्वाकर्षण आले. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवून आटवतात. त्यातून आधी जिप्सम खाली बसते, पाणी पुरेसे दाट झाल्यावर मीठ धरते, आणि त्यापुढे आटू दिले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार येतात. म्हणून कोठे थांबायचे हे नेमके कळावे लागते. घनता मोजायची नळी आज मिळते. मिठागरावरचे जुने माणूस ते पाण्याकडे पाहून सांगते. त्या सांगण्याला ज्ञान म्हणायचे की नाही? भारतीय ज्ञानप्रणालीचा खरा तास तेथे बांधावर भरू शकेल.

मग इतिहास. वसई पोर्तुगीजांकडे कशी गेली, १७३७ ते १७३९ या मोहिमेत खाडीच्या मुखावरचा धारावीचा किल्ला मराठ्यांना का हवा होता, इंग्रजी अमलात मिठावर कर का बसला. १९३० साली दांडी, वडाळा आणि शिरोडे येथे काय झाले. ज्या चिमटीला आपण ताटात किंमत देत नाही तिच्यासाठी माणसांनी डोकी का फोडून घेतली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला येथे अप्रत्यक्ष करांचा असा धडा मिळेल की जो तो विसरणार नाही : सर्वांत गरीब माणसालाही चुकविता न येणारा कर कोणता?

मग आजचा काळ. मिठागराची जमीन कोणाची. तिच्यावर घरे व्हावीत की नाही. घरे तर हवी आहेत, माणसे कोठे राहतील? तिवरांना उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली संरक्षण दिले, ते कोणत्या कारणाने? पावसाचे पाणी मोकळ्या खाजणात शिरायचे, ते आता कोठे शिरते? आणि मिठात आयोडीन घालण्याचा निर्णय कोणत्या पुराव्यावर झाला? कांगडा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडावर जे काम केले, ते साध्या भाषेत वर्गात वाचता येईल. पुरावा म्हणजे काय, हे त्याहून चांगले कशाने कळणार? शेवटी आगरी लग्नातले धवले ऐकावेत, ते गाणाऱ्या धवलारिणीला वर्गात मानाने बोलवावे, आणि या समाजाची भाषा प्रमाण मराठीपासून कोठे वेगळी होते ते ऐकून लिहावे.

वर्ग तीसांचा असावा. दोन शास्त्रांचे दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात असावेत आणि त्यांनी मुलांदेखत मतभेद व्यक्त करावेत. विद्वान माणसे सभ्यपणे भांडतात कशी, हे आपली मुले कोठेच पाहत नाहीत. परीक्षेऐवजी स्वतःच्या भाषेत आठ पानांचा निबंध आणि त्यावर तोंडी प्रश्न. आणि दुसऱ्या सत्रात मुद्दाम दूरची वस्तू घ्यावी : सॉक्रेटिसचा खटला, किंवा संविधान सभेतला एखादा वाद. घरापासून निघायचे ते घरीच राहण्यासाठी नव्हे. भाईंदरच्या मुलाला फक्त भाईंदर शिकविणे हा त्याच्यावर निराळ्या प्रकारचा अन्याय होईल.

७

याला तीन आक्षेप येतील. पहिला, असे शिक्षक कोठे आहेत? ते आहेत, परंतु पुष्कळ जण तासिका तत्त्वावर, या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावत असतात. ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही त्याने विद्यार्थ्याला दीर्घ विचार शिकवावा, ही अपेक्षा फार आहे. हा अडथळा खरा आहे आणि तो अभ्यासक्रमाच्या कागदावर सुटणार नाही. दुसरा, नोकरीला याचा उपयोग काय? मी उलट विचारतो, आज शिकविलेले कौशल्य दहा वर्षांनी शिळे झाले तर नवे शिकण्याची तयारी कोठून येणार? यंत्रे आता न मागता निबंधही लिहून देऊ लागली आहेत. अशा काळात लिहिलेले खरे की खोटे हे पारखता येणे, याहून मोठे कौशल्य मला तरी दिसत नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण तो सर्वांच्या मनात असतो. हे सगळे मोठ्या, नावाजलेल्या महाविद्यालयांना शोभते. आमच्या मुलांना पदवी मिळाली तरी पुष्कळ झाले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपले कोल्हापूरकडचे. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातला कधी न जुळणारा त्रिकोण आहे, असे त्यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच सांगून ठेवले. आमच्या शहराने संख्येची बाजू पूर्ण केली आहे. उरलेल्या दोन बाजू एकमेकींपासून निराळ्या नाहीत, हे या तिसऱ्या आक्षेपाला कळत नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, जेवताना वाद होतात, सुटीत संग्रहालये पाहिली जातात, तेथल्या मुलाला सामान्य शिक्षण घरीच मिळते. महाविद्यालयाने ते दिले नाही तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याच्या घरी ते नाही, त्याला ते मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे हे तीस तास. तेथेही आपण त्याच्या हाती गाइड ठेवले, तर १८८२ सालच्या त्या निवेदनाला आपण अद्याप उत्तर दिलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मुक्त वैकल्पिक विषयाची जागा आराखड्यात आहे, समाजसंपर्काच्या प्रकल्पाची आहे. दोन्ही एकत्र बांधण्याचा ठराव एखाद्या महाविद्यालयाने आणि त्याच्या अभ्यासमंडळाने मनावर घेतला की झाले. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू होते, त्याच सुमारास उरल्यासुरल्या मिठागरांतही पावसाने खचलेले बांध पुन्हा बांधायला घेतात. वर्ग भरविण्याला तो मुहूर्त चांगला आहे.